शिकून आलेल्या माणसाचें पुढें काय होतें?

रविवारचें जेवण उशिरां उरकून मंडळींनीं बैठकीच्या खोलींत सुपारी कातरीत बसावें, हा आमच्या घरचा परिपाठ अजून मोडलेला नाहीं. गेल्या वर्षीं अशाच एका रविवारीं माझा पुतण्या एक सुबक पिशवी घेऊन आला आणि ती सर्वांच्या मधोमध ठेवून म्हणाला, "काका, ही पांच दिवसांची कमाई!" पिशवींतून एक जाड वही, एक लेखणी, पाण्याची बाटली आणि चौकटींत बसविण्याजोगें एक प्रशस्तिपत्र निघालें. प्रशस्तिपत्र हातोहात फिरलें. वहिनींनीं तें खिडकीच्या उजेडांत धरून दोनदां वाचलें, मुलांनीं बाटलीवर हक्क सांगितला. माझ्या आईला चष्म्यावांचून दिसत नाहीं, तेव्हां वाचण्याच्या भानगडींत न पडतां तिनें एवढेंच विचारलें, "अरे, मग उद्यां कामावर जाऊन तूं वेगळें काय करणार?"

चिरंजीव हंसले, पण उत्तर कांहीं आलें नाहीं.

हा पुतण्या चाकणच्या बाजूस मोटारींचे पत्र्याचे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यांत पर्यवेक्षक आहे. तेथें मोठमोठ्या प्रेस असतात. प्रेसमध्यें ज्या आकाराची डाय बसवावी त्या आकाराचा भाग पत्र्यांतून दाबून निघतो. दुसरा भाग हवा झाला, कीं प्रेस थांबवून पहिली डाय उतरावयाची, दुसरी चढवावयाची आणि नीट जुळवून घ्यावयाची. यास तेथील लोक 'सेटिंग' म्हणतात. सेटिंग चालू असेपर्यंत प्रेस उभी. आणि उभी प्रेस म्हणजे गोठ्यांतली भाकड म्हैस, खाते पण देत कांहीं नाहीं. हा वेळ कमी करण्याचें शास्त्र शिगिओ शिंगो या जपानी अभियंत्यानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बसविलें. त्यांतील मुख्य कल्पना साधी आहे. कांहीं कामें प्रेस थांबल्याशिवाय होतच नाहींत. परंतु पुढची डाय जवळ आणून ठेवणें, बोल्ट व पाने मोजून मांडणें, उतरलेली डाय तिच्या जागीं पोंचविणें, हीं कामें प्रेस चालू असतांनाही उरकतां येतात. हे दोन प्रकार निराळे केले, कीं बराच वेळ आपोआप सुटतो. पुतण्याला पांच दिवस याच विद्येसाठीं बाहेर पाठविलें होतें.

आतां हिशेब पहा. समजा, एका सेटिंगला ९० मिनिटें लागतात आणि दिवसांतून दोन वेळां सेटिंग करावें लागतें. प्रत्येक वेळीं ३० मिनिटें वांचलीं, तर रोज एक तास प्रेस अधिक चालेल. महिन्याचे २५ दिवस धरले तर २५ तास, आणि वर्षाचे ३०० तास. वर्गाची फी, प्रवासखर्च, पांच दिवसांचा पगार यांची बेरीज या ३०० तासांपुढें किरकोळ ठरेल. म्हणून शिक्षणावर पैसा घालणें हा उत्तम व्यवहार होय, असें कारखानदारांस सांगण्यांत येतें, व तें खोटें नाहीं. मात्र हे ३०० तास वर्गांत मिळत नाहींत. ते प्रेसपाशीं मिळतात, आणि तेही तेथील रीत प्रत्यक्ष बदलली तरच.

दोन महिन्यांनीं मीं सहज चौकशी केली. पुतण्यानें पहिल्याच दिवशीं साहेबांपुढें वही उघडली होती. साहेब म्हणाले, "सध्यां माल रवाना करण्याची गर्दी आहे. महिनाअखेर होऊं द्या." महिनाअखेर झाली, पुढल्या महिन्यालाही अखेर होतीच. मग त्यानें आपल्यापुरता प्रयत्न करावयाचें ठरविलें. पण डाय आणून ठेवण्यास चाकांचा गाडा लागतो, तो मंजूर झालेला नव्हता, आणि तीस वर्षें सेटिंग करीत आलेले मिस्त्री पाना हातांत घेऊन एवढेंच म्हणाले, "बाळ, तें वर्गांतलें. इथलें काम निराळें." तिसऱ्या महिन्यांत मीं त्या वहींतील एका आकृतीचा अर्थ विचारला, तर त्याला तो सांगतां येईना. कारखान्याच्या दप्तरीं मात्र नोंद झाली होती, ती अशी: शिक्षण पूर्ण, माणसें एक, दिवस पांच.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी पिशवी असेल. बँकेंत, विमा-कचेरींत, शाळेंत, इस्पितळांत, संगणकाच्या कंपनींत, जेथें म्हणून घरचीं माणसें नोकरीस आहेत, तेथून तीं वर्षांतून एकदां तरी शिकून येतात. प्रश्न शिकविणाऱ्याच्या विद्वत्तेचा क्वचितच असतो. शिकलेलें जातें कोठें, हा खरा प्रश्न आहे.

गळती

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनीं १९५९ सालापासून लिहिलेल्या लेखांत अशा शिक्षणाची परीक्षा चार प्रकारें करावी असें सुचविलें. वर्ग शिकणाऱ्यास कसा वाटला. तो काय शिकला. कामावर परतल्यावर त्याचें वागणें बदललें काय. आणि त्यामुळें धंद्याचा काय लाभ झाला. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणीं परीक्षा पहिल्या पायरीवरच थांबते. शेवटच्या दिवशीं एक कागद भरून घेतात: शिक्षक कसे होते, जेवण कसें होतें? जेवणाबद्दलचा अभिप्राय फार करून प्रामाणिक असतो.

शिकलेल्यापैकीं शेंकडा दहाच कामीं येतें, असें एक वाक्य या विषयावरील व्याख्यानांत हटकून ऐकूं येतें. त्याचा माग काढीत गेलें, कीं १९८२ सालच्या जॉर्जेन्सन नांवाच्या लेखकाच्या एका लेखापाशीं आपण येऊन थांबतों. आणि तेथें मोजमाप नाहीं, लेखकाचा नुसता अदमास आहे. तेव्हां हा आंकडा कोणीं तोंडावर फेंकला तर त्याला फार भिऊं नये. गळती आहे, एवढें खरें. ती सर्वत्र सारखी नाहीं, हेंही तितकेंच खरें. टिमथी बॉल्डविन व केव्हिन फोर्ड या दोघांनीं १९८८ मध्यें तोंवरचें संशोधन एकत्र करून पाहिलें, तेव्हां शिकलेलें कामीं येणें हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें असें त्यांनीं मांडलें: शिकणारा, शिकविण्याची रीत आणि तो जेथें परत जातो तें ठिकाण. पैसा व विचार हीं दोन्ही बहुधा मधल्या गोष्टीवर खर्च होतात. तिसरीला कोणी वालीच नसतो.

विस्मरणाचें म्हणाल, तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्यें त्याचें कोष्टक प्रसिद्ध केलें. निरर्थक अक्षरसमूह पाठ करावयाचे, कांहीं काळ जाऊं द्यावयाचा, आणि तेच पुन्हां पाठ करतांना पहिल्या खेपेच्या मानानें किती श्रम वांचतात तें मोजावयाचें. एका दिवसानंतर हे वांचलेले श्रम शेंकडा ३४ च्या आसपास, आणि महिन्यानें अवघे २१ भरले. २०१५ मध्यें आम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं तोच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां निष्पत्ति जवळजवळ तशीच आली. हातांत बसलेली कारागिरी निरर्थक अक्षरांइतकी लवकर जात नाहीं, हें उघड आहे. पण वहींत उतरून घेतलेली व हातांत कधींच न बसलेली विद्या त्याच वाटेनें जाते.

आपल्या घरांत ही गोष्ट नवी वाटूं नये. आमचे पणजोबा वेदपाठशाळेंत होते. गुरुजींनीं संथा द्यावी, शिष्यांनीं ती मागोमाग म्हणावी, आणि कालची संथा बिनचूक म्हणून दाखविल्यावांचून आजची मिळूं नये, असा तेथला शिरस्ता असे. पांच दिवसांत पांच महिन्यांची संथा उरकून हातांत प्रशस्तिपत्र द्यावें, ही कल्पना त्या गुरुजींना हास्यास्पद वाटली असती.

दहा तासांचें शिक्षण

हें सर्व ओळखून मोठ्या प्रमाणावर केलेला एक प्रयोग इतिहासांत नमूद आहे, व तो या देशांत फारसा कोणास ठाऊक नाहीं. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला आणि अमेरिकेंत शस्त्रास्त्रांच्या मागणीचा पूर लोटला. मंदीच्या दहा वर्षांत नवे कारागीर तयार झालेच नव्हते. त्या ऑगस्टमध्यें सरकारनें 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नांवाचें खातें उघडलें. चॅनिंग डूली, वॉल्टर डीट्झ वगैरे त्याचे चालक मोठमोठ्या कंपन्यांतून उसने आणलेले होते. आरंभींच त्यांच्यापुढें भिंगें घांसणाऱ्या कारागिरांचा प्रश्न आला. दुर्बिणी व तोफांचीं नेम धरण्याचीं साधनें यांस भिंगें हवीं, आणि असा कारागीर तयार होण्यास पांच वर्षें लागतात अशी समजूत होती. त्यांनीं कारागिराजवळ बसून तो दिवसभर काय काय करतो तें लिहून काढलें. त्याचें काम एक नसून अनेक निरनिराळीं कामें आहेत, त्यांतील कांहीं नवशिक्याकडे सहज सोंपवितां येतात, आणि अवघड म्हणावीं अशीं थोडींच उरतात, असें आढळलें. पांच वर्षांची मुदत कांहीं महिन्यांवर आली.

यांतून त्यांनीं मुकादम-फोरमन मंडळींसाठीं एक वर्ग बसविला: दोन तासांची एक बैठक, अशा पांच बैठका, एका वर्गांत दहाएक माणसें. म्हणजे एकंदर दहा तास. त्यांत यंत्राविषयीं कांहींच नव्हतें; दुसऱ्यास काम कसें शिकवावें, एवढेंच होतें. पहिल्या बैठकीचा थाट पाहण्याजोगा असे. विजेच्या दिव्याच्या होल्डरमध्यें दोरींतील दोन तारांची एक विशिष्ट गांठ मारतात, ती दोरीचा ताण तारांच्या टोकांवर न येतां गांठीवर यावा म्हणून. शिक्षक एका फोरमनला पुढें बोलावी आणि ती गांठ कशी मारावी तें नुसतें तोंडानें सांगे: उजवी तार डावीखालून घ्या, मग मागून आणा. फोरमनची फजिती होई. मग दुसऱ्यास बोलावून कांहीं न बोलतां तीच गांठ भराभर मारून दाखवी. त्याचीही फजिती. वर्ग हंसे; आणि हंसतां हंसतां प्रत्येकाच्या ध्यानांत येई, कीं आपण आपल्या हाताखालच्या माणसांस आजवर याच दोन रीतींनीं शिकवीत आलों.

मग तिसरी रीत. शिकणाऱ्याची भीति घालवून त्याला काय येतें तें आधीं विचारावें. काम टप्प्याटप्प्यानें दाखवावें, सांगावें, प्रत्येक टप्प्यांतील खुबी आणि तिचें कारण समजवावें. मग त्याच्याकडून करवून घ्यावें, आणि करतांना तो काय करतो आहे तें त्याच्याच तोंडून वदवावें. शेवटीं त्याला कामावर सोडून, अडल्यास कोणास विचारावें तें सांगून, वरचेवर जाऊन पाहावें. आपल्या शिक्षकवर्गास यांत हर्बार्टच्या पंचपदीचा वास येईल, व तो बरोबर आहे. हर्बार्टच्या अनुयायांनीं घालून दिलेल्या पायऱ्यांवरूनच चार्ल्स ॲलन यांनीं कारखान्यांसाठीं चार पायऱ्या बेतल्या, पहिल्या महायुद्धांत त्या जहाजाच्या गोद्यांतून वापरल्या, १९१९ मध्यें त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि डूलीप्रभृतींनीं त्या तेथून उचलल्या. ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षक मंडळी ज्या पंचपदीचे पाठ काढून कंटाळतात, तिच्याच नात्यांतल्या रीतीनें पुढें लढाऊ कारखाने चालले!

टप्पे मांडणें सोपें आहे, खुबी पकडणें अवघड. खुबी म्हणजे जिच्यामुळें काम साधतें किंवा फसतें, करणाऱ्यास इजा होते किंवा टळते, अथवा काम हलकें होतें, ती गोष्ट. वाकबगार माणसाला ती सांगतां येत नाहीं, कारण ती त्याच्या हातांत असते, तोंडांत नसते. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचतुर्थीस आईला विचारलें, "उकडींत पाणी किती?" आई म्हणाली, "अंदाजानें." "मळावयाची किती?" "होईल तितकी." त्या वर्षींचे मोदक चाळणींतच फुटले. पुढल्या वर्षीं सूनबाई वही-पेन्सिल घेऊन शेजारीं बसल्या आणि आईचे हात पाहूं लागल्या. उकड ऊन असतांच मळतात, गार होऊं देत नाहींत. पारी कडेस पातळ करतात, पण मधोमध जराशी जाड ठेवतात. "मधें जाड कां?" असें विचारल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अग, सारणाचा भार तिथेंच नाहीं का येत?" हें कारण पन्नास वर्षांत तिला कोणी विचारलेंच नव्हतें. भिंगें घांसणाऱ्याजवळ बसलेल्या त्या अमेरिकनांनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं.

१९४५ च्या सप्टेंबरांत खातें बंद झालें तोंवर १६,५११ कारखाने व कामगारसंघांतील साडेसतरा लाख माणसें या वर्गांतून गेलीं होतीं. ज्या कारखान्यांचे वृत्तांत खात्यानें मिळविले, त्यांपैकीं उत्पादन शेंकडा २५ किंवा अधिक वाढलें असें मे १९४३ मध्यें शेंकडा ३७ कारखाने सांगत होते. सप्टेंबर १९४५ मध्यें ८६. मोडतोडीचा माल तितक्याच प्रमाणांत घटला असें सांगणारे ११ वरून ५५ वर गेले. हे आंकडे कारखान्यांनीं स्वतः कळविलेले, तेव्हां त्यांत थोडी फुशारकी असणारच. शिवाय वाटेंत ते कधीं कधीं घसरलेही. मला त्यांत लक्षणीय वाटतें तें निराळेंच. दहा तासांचा वर्ग तोच होता, मग दोन वर्षांत निष्पत्ति एवढी कां वाढावी? खात्याच्या माणसांना हळूहळू उमगलें, कीं वर्ग संपला म्हणजे आपलें काम संपलें असें नव्हे. वरिष्ठांस आधीं गांठावें, कोणत्या अडचणीसाठीं माणूस पाठवीत आहां तें ठरवून घ्यावें, आणि तो परतल्यावर त्याच्या कामापाशीं जाऊन उभें राहावें, यावर त्यांनीं अधिकाधिक जोर दिला.

युद्ध संपतांच अमेरिकेनें ही विद्या गुंडाळून ठेवली. जपाननें ती उचलली. टोयोटा कंपनीनें १९५१ च्या सुमारास घेतलेले हे धडे अद्याप तिच्या कामाच्या मुळाशीं आहेत. आपल्याकडेही १९५० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या साह्यानें ती येऊन पोंचली होती. ती येथें कां रुजली नाहीं, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लाभ कोणाचा?

रुजण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मुंबईच्या उत्तरेस तारापूर व उंबरगांव येथील कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांवर निकोलस ब्लूम प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ पासून एक प्रयोग केला. कांहीं कारखान्यांना कित्येक महिने सल्लागार देऊन मागाची देखभाल, सुताचा सांठा, दोषांची रोजची नोंद यांच्या रीती शिकविल्या. पहिल्या वर्षांत उत्पादकता शेंकडा १७ नें वाढली. आठ-नऊ वर्षांनीं तीच मंडळी परत गेलीं, तों शिकविलेल्या रीतींपैकीं सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांस वेळ होईना, हीं त्याचीं कारणें. निम्म्या टिकल्या हेंही थोडें नव्हे. परंतु ज्याला येतें तो माणूस गेला कीं रीतही त्याच्या मागोमाग जाते, हें कारखानदार वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरा प्रयोग बंगळूरच्या परिसरांतील शिवणकामाच्या कारखान्यांतला. तेथें काम करणाऱ्या बायकांना वेळेचें नियोजन, आपलें म्हणणें नीट मांडणें, अडचण वरिष्ठांपर्यंत नेणें असल्या गोष्टींचें सुमारे ८० तासांचें शिक्षण देण्यांत आलें. इच्छा दर्शविणाऱ्या बायकांतून निवड चिठ्ठ्या टाकून केली, म्हणजे हुशार तेवढ्याच निवडल्या असें म्हणण्यास जागा उरूं नये. अच्युत अध्वर्यु व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणें या बायकांचें काम इतरांच्या मानानें शेंकडा दहाहून अधिक वाढलें, आणि शिक्षण संपल्यावर आठच महिन्यांत मालकास एका रुपयामागें निव्वळ अडीच रुपयांचा लाभ झाला. आणि बायकांचा पगार? तो वाढला शेंकडा अर्धा.

हा आंकडा मीं आमच्या बैठकींत वाचून दाखविला, तेव्हां वहिनी, ज्या एरवीं असल्या चर्चेत पडत नाहींत, म्हणाल्या, "म्हणजे शिकायचें ह्यांनीं आणि पेढे खायचे त्यांनीं!" अर्थशास्त्रज्ञांनीं हेंच वीस पानांत सांगितलें आहे. मला येथें त्या मिस्त्रींची आठवण झाली. हातचें राखून शिकविण्याचा दोष आपण जुन्या कारागिरांस सर्रास देतों. पण तीस वर्षांची विद्या ही त्या माणसाची एकुलती मिळकत असते, आणि ती पांच दिवसांत कोणालाही यावयाची असेल तर त्याच्या हातांत राहिलें काय? त्याला त्या बदल्यांत कांहीं देण्याचें कोणाच्या मनांतही आलेलें नसतें. त्याचें "इथलें काम निराळें" हें वाक्य अज्ञानाचें नसून हिशेबाचें आहे.

तेव्हां ज्यांच्या हातीं दुसऱ्यास शिकावयास पाठविणें आहे, मग ते मोठ्या कंपनींतले अधिकारी असोत किंवा आठ माणसांच्या छापखान्याचे मालक असोत, त्यांस माझी विनंति आहे. अडचण खरोखर अज्ञानाचीच आहे काय, हें पहिल्यानें पाहावें. गाडा नसल्यामुळें वेळ जात असेल तर गाडा आणावा. माणूस वर्गास पाठवून गाडा येत नाहीं. माणूस पाठविण्याच्या आधीं आजचें माप लिहून ठेवावें, नाहींतर नंतर कशाशीं ताडून पाहणार? शिकलेलें लगेच वापरतां येईल असें एक काम त्याच्यासाठीं राखून ठेवावें, आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यांत स्वतः अर्धा तास काढून तें पाहावें. एकाऐवजीं एकाच टेबलावरचे दोघे पाठवितां आले तर फारच उत्तम. एकटा माणूस जुन्या रीतीपुढें चार दिवसांत हात टेंकतो. पांच दिवस सलग देण्यापेक्षां आठवड्यास एक असे दिले, तर मधल्या दिवसांत हात बसतो. शिकून आलेल्यानें तें दोघांस शिकविलें पाहिजे, म्हणजे त्याचें त्यालाच कळतें कीं आपणांस किती आलें. जे स्वतः शिकावयास जातात त्यांनीं निघण्यापूर्वीं साहेबांना आमच्या आईचा प्रश्न विचारावा. उत्तर न मिळाल्यास निदान आपणांस काय मिळणार नाहीं तें तरी आधीं कळेल.

पुतण्याच्या कारखान्यांत यंदां साहेब बदलले. नव्या साहेबांनीं त्याला त्याच विषयाच्या पुढल्या वर्गास पाठवावयाचें ठरविलें, तेव्हां त्यानें मिस्त्रींनाही बरोबर न्यावें असा आग्रह धरला. मिस्त्री प्रथम नाखूष होते. दोन दिवस हाताची घडी घालून बसले. तिसऱ्या दिवशीं शिक्षकानें फळ्यावर डाय जुळविण्याचा क्रम मांडला, तेव्हां ते उठून म्हणाले, "साहेब, ह्यांत एक चूक आहे," आणि ती खरोखरच चूक होती. परत आल्यावर एकच प्रेस निवडली. आधींचें माप ८५ मिनिटांचें होतें. गाडा आला, त्याची उंची मिस्त्रींनींच ठरविली. बोल्ट एकाच मापाचे करून घेतले ही कल्पनाही त्यांचीच. तीन आठवड्यांनीं सेटिंग ५२ मिनिटांवर आलें. मिस्त्री आतां दुसऱ्या पाळींतील दोन पोरांना शिकवितात, आणि करतांना काय करतां तें त्यांच्याकडून मोठ्यानें वदवून घेतात.

परवांच्या रविवारीं पुतण्यानें ही हकीकत सांगितली. मुलांनीं दुसऱ्या बाटलीची चौकशी केली. या खेपेस बाटली मिळाली नव्हती. आई सुपारी कातरीत ऐकत होती. ती म्हणाली, "मिस्त्रींचा पगार वाढला का रे?"

"अजून नाहीं, आजी. साहेबांनीं कागद वर पाठविला आहे."

"मग येईल तेव्हां सांग," असें म्हणून तिनें पुन्हां अडकित्ता उचलला.